भुलाबाईच्या गाण्यांचा धनी कोण?

राजापेठ (अमरावती) : भाद्रपद पौर्णिमेला वऱ्हाडात भुलाबाई बसते आणि आश्विन पौर्णिमेला, म्हणजेच कोजागिरीला, तिची बोळवण होते. मधल्या महिनाभरात संध्याकाळ झाली की गल्लीतील मुली टिपऱ्या घेऊन एका घरातून दुसऱ्या घरी जात, गाणी म्हणत आणि खिरापत ओळखून, खाऊन पुढच्या घराकडे वळत, हे दृश्य चाळिशी ओलांडलेल्या प्रत्येक वऱ्हाडी स्त्रीच्या स्मरणात आहे. राजापेठेतून राजकमल चौकाकडे जाताना आज हे दृश्य क्वचितच दिसते. त्याऐवजी अलीकडच्या वर्षांत या दिवसांत दिसू लागले आहेत ते भुलाबाई गीत स्पर्धांचे फलक. त्यावर प्रवेशाची अंतिम तारीख असते, गटातील सदस्यांची कमाल संख्या असते, सादरीकरणासाठी दिलेली मोजकी मिनिटे असतात आणि ‘परीक्षकांचा निर्णय अंतिम राहील’ हे वाक्य न चुकता असते.

परंपरा जपली जात आहे, याबद्दल समाधान मानावे की मानू नये, हा या लेखाचा विषय नाही. विषय त्याहून थोडा अडचणीचा आहे. अशा एका स्पर्धेच्या प्रवेश अर्जावर गीतकार आणि संगीतकार यांच्या नावासाठी रकाना होता. त्यात जवळजवळ प्रत्येक गटाने एकच शब्द लिहिला होता, ‘पारंपरिक’. हा शब्द लिहिला की प्रश्न मिटतो असे आपण समजतो. वस्तुतः तो तिथूनच सुरू होतो.

जगभरच्या कलाव्यवहारात गेली काही दशके सामूहिक निर्मिती, सामाईक कर्तृत्व आणि प्रेक्षकांचा सहभाग या गोष्टींची मोठी चर्चा आहे. कलाकृती एकट्या प्रतिभावंताची नसते, पाहणाराही ती घडवत असतो, असे आग्रहाने मांडले जाते. ब्राझीलचे नाट्यकर्मी ऑगस्तो बोआल यांनी तर प्रेक्षकाला खुर्चीतून उठवून रंगमंचावर आणले. नाटकातील पीडित पात्राच्या जागी त्याने स्वतः उभे राहावे आणि प्रसंगाला वेगळे वळण देऊन पाहावे, अशी त्यांची पद्धत होती. ब्रिटनमधील प्रतिष्ठेच्या टर्नर पुरस्कारासाठी २०१९ मध्ये निवडल्या गेलेल्या चारही कलावंतांनी आपल्याला एकमेकांशी झुंजवू नका, अशी विनंती केली आणि तो पुरस्कार चौघांत वाटला गेला. २०२१ मध्ये त्याच पुरस्काराच्या अंतिम यादीत एकही एकटा कलावंत नव्हता, सारे कलासमूह होते. हे सारे तिकडे नवे म्हणून गाजत असताना, आपल्याकडे जे मुळातच सर्वांचे होते त्याला मात्र आपण मंच, ध्वनिक्षेपक आणि रांगेत मांडलेल्या खुर्च्या दिल्या.

साच्यातली मोकळी जागा

भुलाबाई म्हणजे पार्वती आणि भुलोबा म्हणजे शंकर. त्यांच्या मातीच्या मूर्ती बसवायच्या आणि कोजागिरीला ज्वारीच्या धांड्यांच्या मखरात त्यांची पूजा मांडायची, असा हा मुलींचा उत्सव. पश्चिम महाराष्ट्रातील भोंडला किंवा हादग्याची ही वऱ्हाडी आणि खानदेशी बहीण. भोंडल्याला हस्त नक्षत्र, पाटावरचा हत्ती आणि त्याभोवतीचा फेर लागतो. भुलाबाईला महिनाभराचा मुक्काम आणि टिपऱ्यांचा ताल लागतो. गाण्यांचे कूळ मात्र बरेचसे एकच.

या गाण्यांची बांधणी नीट पाहिली तर एक गोष्ट लक्षात येते. बहुतेक गाण्यांना एक साचा असतो आणि त्या साच्यात एक जागा मोकळी ठेवलेली असते. सासू आली, तिने अमुक आणले, सुनेने तमुक उत्तर दिले. पुढच्या कडव्यात सासूच्या जागी सासरा, मग दीर, मग नणंद, आणि शेवटी माहेरचा माणूस किंवा नवरा. नाते बदलते, आणलेली वस्तू बदलते, कधी उत्तरही बदलते. ज्या घरी गाणे चालले असेल त्या घरच्या लेकीसुनेचे नाव मध्येच गुंफले जाते. एखाद्या घरी माणसे जास्त असतील तर गाणे लांबते, कमी असतील तर लवकर आटोपते. सांगणारी एक, तिच्यामागून म्हणणाऱ्या बाकीच्या. मागे म्हणता म्हणता गाणे पाठ झालेली मुलगी पुढच्या वर्षी सांगणारी होते आणि तिच्या तोंडी एखादे कडवे नवे येते.

या गाण्यांचा कर्ता हरवलेला नाही. कर्तेपणाची पाळी प्रत्येकीवर येईल अशी सोय त्या गाण्यांत मुळातच करून ठेवलेली आहे. श्रोता नावाचा वेगळा वर्ग इथे नव्हताच. जी ऐकते तीच म्हणते. खिरापतीचा खेळही याच जातीचा. डबा हलवायचा, आवाजावरून आतला पदार्थ ओळखायचा, गोड आहे की तिखट हे विचारायचे, आणि ओळखेपर्यंत यजमानीणबाईंनी डबा उघडायचा नाही. समोरच्यांनी तोंड उघडल्याशिवाय कार्यक्रम पुरा होत नाही.

(अमरावतीचेच सुपुत्र असलेल्या सुरेश भटांची गझल मैफलीत ऐकलेल्यांना हा खेळ परका वाटणार नाही. शेराच्या दुसऱ्या ओळीतला यमकाचा शब्द कवीच्या आधी श्रोत्यांतून उमटावा, यात तिथेही मौज असते. पण तिथे शेर कोणाचा, याबद्दल शंका नसते.)

स्पर्धेत ही मोकळी जागा बुजते. चार-पाच मिनिटांत बसावे म्हणून गाण्याची कडवी आधी ठरवली जातात, पाठ केली जातात आणि तशीच म्हटली जातात. एखादीने मंचावर आयत्या वेळी नवे कडवे घातले तर गटाचा ताल चुकेल आणि गुण जातील, ही भीती असते. समोर बसलेल्या बायकांना तेच गाणे अधिक कडव्यांसह येत असते, पण त्या टाळ्या वाजवतात. कार्यक्रमाच्या प्रास्ताविकात याला ‘महिलांचा उत्स्फूर्त सहभाग’ म्हटले जाते. दूरचित्रवाणीवरील गाण्याच्या स्पर्धांनी दोन हजारच्या दशकात मराठी घराघरांत जो सहभाग शिकवला तो हाच होता. आवडत्या गायकाच्या नावाने भ्रमणध्वनीवरून संदेश पाठवायचा आणि निकालाची वाट पाहायची. संदेश पाठवणाऱ्याने गाणे मात्र म्हणायचे नसते.

खानदेशात, विशेषतः जळगावात, भुलाबाई महोत्सव मोठ्या प्रमाणावर भरतात आणि शाळा-महाविद्यालयांतील शेकडो मुली त्यात उतरतात. ज्या मुलींनी घरी कधी भुलाबाई पाहिली नाही त्यांच्यापर्यंत गाणी पोहोचतात ती अशाच मंचांमुळे, हे मान्य करायलाच हवे. राजापेठेसारख्या वस्तीत आता अंगणे उरलेली नाहीत. सदनिकांचे दरवाजे संध्याकाळी बंद असतात, मुली शिकवणी वर्गांना गेलेल्या असतात आणि त्याच दिवसांत शेजारच्या मैदानावर तिकीट लावून दांडिया चाललेला असतो. गुजरातच्या गरब्याचा समावेश युनेस्कोने डिसेंबर २०२३ मध्ये मानवतेच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत केला. भुलाबाईला असे कोणतेही छत्र नाही. तेव्हा मंच नको, अंगणच हवे, असे म्हणणे हे हातचे सोडून पळत्यापाठी लागण्यासारखे होईल. आक्षेप मंचाला नाही. मंचावर गाणे चढवताना त्याच्या कर्त्यांचे काय होते, ते कोणी पाहत नाही, याला आहे.

कुरकुरीला आडोसा

नाव नसण्याला एक दुसरी बाजूही होती आणि ती विसरून चालणार नाही. या गाण्यांत सासरची गाऱ्हाणी आहेत. सासूची बोलणी, नणंदेचा तोरा, माहेरी पाठवण्याबाबतची टाळाटाळ, नवऱ्याचे मौन, हे सारे त्यात थट्टेच्या सुरात येते. दहा-बारा वर्षांची मुलगी ज्या घराचा उंबरठा अजून ओलांडायचा आहे त्या घराविरुद्धची तक्रार आधीच शिकून ठेवी. आणि विवाहित स्त्री माहेरपणाला आली की तेच गाणे अधिक जोराने म्हणे. कोणाला उद्देशून, हे तिला माहीत असे. पण विचारले तर तिचे उत्तर तयार असे, की हे तर सगळ्याच म्हणतात.

सामाईक कर्तृत्व हा इथे आडोसा होता. एकीच्या नावावर ते गाणे असते तर ती एकटी सापडली असती. मंचावर निवडलेल्या गाण्यांत माहेरचे कौतुक आणि देवीचे वर्णन वाढत चालले आहे आणि सासरची कुरकुर मागे पडत चालली आहे, असे निदान या प्रतिनिधीच्या पाहण्यात आले. पहिल्या रांगेत प्रायोजक आणि कुटुंबीय बसलेले असताना ते स्वाभाविकच म्हणावे लागेल.

म्हणून प्रत्येक गाण्याखाली एकेक नाव चिकटवले की न्याय झाला, असे समजणे भाबडेपणाचे ठरेल. पण आज परिस्थिती अशी आहे की नाव कोणाचेच लागत नाही, असेही नाही. गाणाऱ्या बाईचे लागत नाही, एवढेच. चित्रफितीवर वाहिनीचे नाव असते, पुस्तिकेवर संकलकाचे असते, फलकावर प्रायोजकाचे असते. आणि वृत्तपत्राच्या बातमीत? आपल्या व्यवसायाचे माप स्वतःच्या पदरात घालायला हरकत नसावी. अशा कार्यक्रमांच्या बातम्या प्रस्तुत प्रतिनिधीने कित्येक लिहिल्या आहेत. त्यात उद्घाटकांचे, प्रमुख पाहुण्यांचे, मंडळाच्या अध्यक्षांचे, सूत्रसंचालकांचे आणि आभार मानणाऱ्यांचे नाव पदासह छापून आले. गाणे म्हणणाऱ्यांबद्दल मात्र ‘उपस्थित महिलांनी पारंपरिक गाणी सादर केली’ एवढेच वाक्य असे. आडोसा गेला आणि श्रेयही मिळाले नाही, अशी ही दुहेरी वजाबाकी आहे.

कायदा काय म्हणतो?

‘पारंपरिक’ हा शब्द लिहिला की गाणे कोणीही उचलावे, असा समज आहे. तो अर्धाच खरा आहे. १९५७ च्या स्वामित्व हक्क कायद्याची (ज्याला आपण सर्रास कॉपीराइट कायदा म्हणतो) सारी रचना ओळखता येईल असा कर्ता गृहीत धरून केलेली आहे. संयुक्त कर्तृत्वाची व्याख्या त्यात आहे. दोन किंवा अधिक व्यक्तींनी मिळून केलेली, ज्यात एकाचा वाटा दुसऱ्याच्या वाट्यापासून वेगळा काढता येत नाही अशी कृती, असा तिचा आशय. पण कर्त्यांच्या मृत्यूनंतर साठ वर्षे हे संरक्षण मोजायचे तर कर्ते कोण आणि ते कधी वारले, हे आधी सांगता यायला हवे. पाच पिढ्यांतील हजारो मुलींचा मृत्यूचा दाखला कोण आणणार? साहजिकच भुलाबाईचे मूळ गाणे सर्वांसाठी खुले आहे आणि ते तसेच राहणे योग्य आहे.

मात्र गाणे खुले असले तरी गाणारी बाई खुली नाही. १९९४ च्या दुरुस्तीने या कायद्यात सादरकर्त्यांचे हक्क आले आणि २०१२ च्या दुरुस्तीने त्यांना नैतिक हक्कांची जोड मिळाली. आपण केलेल्या सादरीकरणाची सादरकर्ती म्हणून आपली ओळख दिली जावी, असे म्हणण्याचा हक्क त्यात आहे. वापराच्या स्वरूपामुळे नाव देणे शक्यच नसेल तेवढा अपवाद केला आहे. सादरकर्त्याच्या व्याख्येत गायक, वादक, नर्तक यांच्याबरोबरच ‘सादरीकरण करणारी अन्य कोणतीही व्यक्ती’ बसते. त्यासाठी रेडिओची मान्यता लागत नाही की संगीत विशारद असावे लागत नाही. सदनिकेच्या खाली मोटारगाड्यांच्या जागेत उभे राहून सत्तर वर्षांच्या आजींनी म्हटलेले गाणे कोणी ध्वनिमुद्रित करून प्रसिद्ध केले, तर त्या आजी कायद्याच्या दृष्टीने सादरकर्त्या आहेत. ध्वनिमुद्रण करणाऱ्याचा हक्क त्याच्या ध्वनिमुद्रणापुरता. गाण्यावर त्याला मालकी सांगता येत नाही. हे किती मंडळांना, किती आजींना आणि खरे म्हणजे किती वार्ताहरांना ठाऊक आहे?

सांगणारा एक आणि लिहिणारा दुसरा, असे असेल तर कर्ता कोण, हा प्रश्न न्यायालयात थेट मौलाना आझादांच्या निमित्ताने गेला होता. त्यांचे आत्मकथन १९५९ मध्ये प्रसिद्ध झाले. मौलाना उर्दूत बोलत, हुमायून कबीर ते ऐकून इंग्रजीत लिहीत आणि मौलाना ते तपासत. त्यातील तीस पाने मोहोरबंद ठेवण्यात आली होती आणि ती प्रसिद्ध करण्यावरून वाद झाला. दिल्ली उच्च न्यायालयाने, दोघांनाही संयुक्त कर्ते मानावे लागेल, असे प्रथमदर्शनी मत दिले. मोठ्या नेत्याच्या बाबतीत सांगणाऱ्याचे कर्तेपण कोणी नाकारले नाही, प्रश्न उठला तो लिहिणाऱ्याचा. लोकगीतांच्या बाबतीत नेमके उलट घडते. लिहून घेणारा संपादक होतो आणि सांगणारी ‘स्रोत’.

चौकापासून कॅनव्हासपर्यंत

डहाणू-तलासरी पट्ट्यातील वारली चित्रकलेचे उदाहरण या संदर्भात बोलके आहे. वारल्यांच्या लग्नात घराच्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने ‘चौक’ लिहिला जातो आणि तो लिहिण्याचा मान सवाशिणींचा. चित्र एकीचे नसते, विधीचे असते. सत्तरच्या दशकात भास्कर कुलकर्णी यांच्या प्रयत्नांतून ही चित्रे कागदावर आली आणि जिव्या सोमा मशे हे नाव पुढे आले. मशे यांची प्रतिभा अस्सल होती, याबद्दल दुमत नाही. २००३ मध्ये जर्मनीतील ड्युसेलडॉर्फ येथे ब्रिटनचे नामवंत कलावंत रिचर्ड लाँग यांच्यासह त्यांचे प्रदर्शन भरले, २०११ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली आणि २०१८ मध्ये त्यांचे निधन झाले. वारली चित्रकलेला २०१४ मध्ये भौगोलिक निर्देशांकनही मिळाले. समूहाच्या नावाने हक्क नोंदवता येतो, हे त्यातून दिसले. पण ज्या सवाशिणींच्या हातून ही रेषा पिढ्यान् पिढ्या उतरत आली त्यांपैकी एकीचेही नाव आपल्यापैकी कोणाला सांगता येणार नाही. बायकांची सामाईक कला बाजारात आली की बहुधा तिला एक नाव मिळते आणि ते बहुधा पुरुषाचे असते.

याला अपवाद ठरलेले काम आपल्याच राज्यात झाले आहे. गी पॉइटव्हाँ आणि हेमा राईरकर यांनी ऐंशीच्या दशकापासून जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या. त्यांची संख्या एक लाखाच्या वर आहे. गावोगावच्या तीन हजारांहून अधिक स्त्रियांनी त्या गायिल्या. ‘पारी’ या ग्रामीण भारताच्या वृत्तसंग्रहाने २०१७ पासून त्या प्रसिद्ध करायला सुरुवात केली. प्रत्येक ओवीबरोबर गाणारीचे नाव, गाव, तालुका आणि जिल्हा दिला जातो, कित्येकींचे छायाचित्रही असते. ओवी तिने रचली, असा दावा त्यात नाही. ती आईकडून आलेली असेल, जावेकडून आलेली असेल, निम्मी तिची असेल. पण या दिवशी, या गावी, या बाईने ती अशी म्हटली, एवढे सत्य नोंदवलेले आहे. सामाईकपणाही शाबूत राहिला आणि व्यक्तीही पुसली गेली नाही.

बहिणाबाई चौधरींचे नाव महाराष्ट्राला माहीत झाले ते सोपानदेवांसारखा कवी मुलगा घरात होता म्हणून. शेतात आणि घरात म्हटलेली गाणी त्यांनी आणि मावसभावाने टिपून ठेवली आणि बहिणाबाईंच्या मृत्यूनंतर, १९५२ मध्ये, आचार्य अत्र्यांच्या प्रस्तावनेसह ती प्रसिद्ध झाली. असा मुलगा नसलेल्या बहिणाबाई खानदेशात आणि वऱ्हाडात किती होऊन गेल्या, याची मोजदाद करणे आता शक्य नाही.

सहभाग आणि जबाबदारी

वऱ्हाडाला सहभागाची कला शिकवायला बाहेरून कोणी यावे लागले नाही. अंजनगाव सुर्जी तालुक्यातील शेंडगावात १८७६ मध्ये जन्मलेल्या गाडगेबाबांचे कीर्तन म्हणजे सवाल-जवाबच होता. ते श्रोत्यांना प्रश्न विचारीत, वऱ्हाडी बोलीत खोदून खोदून विचारीत, आणि श्रोत्यांच्याच तोंडून त्यांच्या अंधश्रद्धेची कबुली काढून घेत. उत्तर आले नाही तर कीर्तन पुढे सरकत नसे. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांनी खंजिरीवरच्या भजनांना सामुदायिक प्रार्थनेची जोड दिली. आजही त्यांच्या पुण्यतिथीला गुरुकुंज मोझरीत दुपारी चार वाजून अठ्ठावन्न मिनिटांनी लाखोंचा समुदाय एकाच वेळी स्तब्ध उभा राहतो. तिथे पाहायला आलेला आणि करायला आलेला असा भेद करता येत नाही.

या दोन्ही ठिकाणी एक गोष्ट स्पष्ट होती. बोलावणारा कोण, हे सर्वांना ठाऊक होते आणि तो आपल्या शब्दांना जबाबदार होता. सर्वांचे आहे म्हणून कोणाचेच नाही, अशी स्थिती नव्हती. आधुनिक कलाजगताला हा धडा २०२२ मध्ये महागात शिकावा लागला. जर्मनीतील कासेल येथे दर पाच वर्षांनी भरणाऱ्या डॉक्युमेंटा या महाप्रदर्शनाची सूत्रे त्या वर्षी जकार्ताच्या ‘रुआंग्रुपा’ या कलासमूहाकडे होती. गावाने पिकाचा वाढावा ज्या सामाईक कोठारात ठेवायचा, त्या कोठाराच्या इंडोनेशियन नावावरून त्यांनी आपली सारी कल्पना बेतली. त्यांनी समूहांना बोलावले, त्या समूहांनी आणखी समूहांना. मग एका समूहाच्या वीस वर्षे जुन्या भव्य फलकावर ज्यूद्वेषी चित्रण असल्याचे उघड झाले, तो आधी झाकण्यात आला, मग उतरवण्यात आला आणि प्रदर्शनाच्या संचालिकेला पद सोडावे लागले. निवड कोणाची, तपासणी कोणाची, उत्तर कोणी द्यायचे, याचे एक उत्तर मिळत नव्हते. कोठार सर्वांचे असले तरी किल्ली कोणाकडे आहे हे गावात माहीत असावे लागते, हे कोणत्याही वऱ्हाडी शेतकऱ्याने सांगितले असते.

उलट, नावे स्पष्ट ठेवूनही खरा सहभाग साधता येतो. पुण्यात अतुल पेठे यांनी २०१२ मध्ये गो. पु. देशपांडे यांचे ‘सत्यशोधक’ हे महात्मा फुल्यांवरील नाटक महापालिकेच्या सफाई कामगारांना बरोबर घेऊन रंगमंचावर आणले. नाटककाराचे नाव झाकले गेले नाही, दिग्दर्शकाचे झाकले गेले नाही आणि कामगार ‘उपस्थित नागरिक’ म्हणून उरले नाहीत. ज्यांचा इतिहास सांगितला जात होता त्यांच्यापैकीच माणसे तो सांगत होती.

भुलाबाईच्या मंडळांनी एवढा मोठा घाट घालण्याची गरज नाही. स्पर्धेच्या शेवटी दहा मिनिटे ध्वनिक्षेपक बंद करून खुर्च्यांतल्या बायकांना फेरात येऊ द्यायला खर्च येत नाही. गाण्याची वेळ थोडी सैल ठेवली तर आयत्या वेळचे कडवे गुन्हा ठरणार नाही. चित्रफीत टाकताना गाणाऱ्यांना विचारून, त्यांची इच्छा असेल तर नावे देता येतात. जिला सासरच्या गाऱ्हाण्याखाली नाव नको असेल तिला ते टाळण्याचीही मुभा हवी, कारण तो आडोसा अजूनही काहीजणींना लागतो. आणि अर्जावरचा तो रकाना. गीतकार कोण, हा प्रश्न या गाण्यांना लागूच पडत नाही. त्याऐवजी ‘हे गाणे तुम्ही कोणाकडून शिकलात?’ असे विचारता येईल.

हा प्रश्न घरीच विचारून पाहावा म्हणून प्रस्तुत प्रतिनिधीने गेल्या कोजागिरीला आपल्या मावशींना विचारला. वय वर्षे ७४, माहेर अकोल्याचे, लग्नानंतर मुक्काम राजापेठेत. त्यांनी ‘पारंपरिक’ हा शब्द उच्चारला नाही. आधी त्यांनी जुन्या शहरातल्या एका शेजारणीचे नाव घेतले, मग त्या शेजारणीच्या आत्याचे, जिला त्यांनी कधी पाहिले नव्हते. मग थोडे थांबून, शेवटची दोन कडवी आपल्या धाकट्या जावेने इथे आल्यावर घातली, असे त्या म्हणाल्या, आणि ती म्हणून दाखवली. जावेच्या सासूबाई तेव्हा स्वयंपाकघरात होत्या, म्हणून ती हळू आवाजात म्हणत असे, हेही त्यांनी सांगितले. ती सासू म्हणजे त्यांचीही सासू.